योकेपाच्या वाट्याची शांतता

४ मे, सोमवार

ही वही कुमूंनी दिली. निळा पुठ्ठा, आत रेघा, पहिल्याच पानावर त्यांच्या अंगठ्याचा आंब्याचा डाग. म्हणाल्या, "तोंडातून येत नाही ना, मग हातातून येऊ दे. कुणी वाचणार नाही."

कुणी वाचणार नसेल तर लिहायचं कुणाला, असं विचारायचं होतं. नाही विचारलं.

कुमू म्हणजे आमच्या चर्चच्या शाळेच्या बाई. नाव लाहेला. पाचवीपर्यंत मीपण त्यांच्याकडेच शिकले. शाळा म्हणजे एक खोली, चौदा पोरं, आणि खिडकीतून सरळ समुद्र. आज त्या आमच्या पडवीत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "डोळ्याच्या ऑपरेशनला होनोलुलूला जायचंय. तीन आठवडे. गणित-बिणित बघायला पलीकडच्या गावची बाई येईल. पण सकाळचा पहिला तास वचनांचा. चोवीस तारखेला होइके आहे, सगळ्या गावापुढे वचनं म्हणायचा दिवस. तो तास हाउनानीनं घ्यायचा."

हाउनानी म्हणजे मी.

माझी तूतू अळूचे कंद सोलत बसली होती. आजीला आम्ही सगळे तूतूच म्हणतो. तिनं मान पण वर केली नाही. "घेईल की," म्हणाली. जशी काही मला शेजारी मीठ मागायला पाठवत होती.

मी सोळा वर्षांची आहे. नववीत शाळा सोडली. मोठ्या शाळेत बसनं जावं लागायचं. एकदा मास्तरांनी उभं करून वाचायला सांगितलं आणि मी तास संपेपर्यंत नुसती उभी राहिले. पंचेचाळीस मिनिटं. पोरं हसली, मग हसून हसून दमली, मग त्यांनाच कसंतरी व्हायला लागलं. दुसऱ्या दिवशी मी बसमध्ये चढले नाही. आता मी चाफा वेचते, हार ओवते, चर्च झाडते, अळूच्या चिखलात उभी राहते. अळूला काही वाचून दाखवावं लागत नाही.

५ मे

कुमू गेल्या. विमानाच्या पायऱ्यांवरून त्यांनी मला बरोबर शोधून हात हलवला. मी कुंपणाच्या टोकाला, केवड्याच्या झाडामागे होते.



६ मे, बुधवार

पहिला तास.

धुकं होतं. डोंगर दिसत नव्हता, समुद्र दिसत नव्हता, शाळा पांढऱ्या दुधात ठेवल्यासारखी. मला वाटलं, आत गेले तर पोरंही दिसणार नाहीत आणि सगळं सोपं होईल. पण पोरं दिसली. चौदाच्या चौदा.

"गुड मॉर्निंग, आंटी हाउनानी!"

आंटी! त्यातला मोके नऊ वर्षांचा आहे आणि गेल्या उन्हाळ्यात मी त्याला झाडावरून उतरवला होता, पँट फाटलेल्या अवस्थेत. तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडला.

मी फळ्यावर लिहिलं: आपापलं वचन म्हणा.

मोके उठला आणि 'देव प्रीती आहे' एवढं तीन शब्दांचं म्हणून खाली बसला. मग पुआ, तेच तीन शब्दांचं. मग तिचा भाऊ, तेच. अख्ख्या बायबलात त्याहून पाठ करायला सोपं वचन नाही, आणि ते प्रेमाचं आहे, म्हणून कुणाला रागावता पण येत नाही. तेरा पोरं, तेरा वेळा तेच. कुमू असल्या की म्हणतात, "देवाला ऐकून ऐकून झोप लागली असेल." मी झाडू उचलला आणि मोकेच्या हातात दिला. कुमूंचा तोच नियम आहे, तीन शब्दांचं म्हटलं तर आंब्याखालचा पाला झाडायचा.

"आंटी, तेरा जण आणि झाडू एकच!" मोके म्हणाला. "आम्ही होइके संपेपर्यंत झाडत राहू."

चौदावी नोए. ती उठलीच नाही.

७ मे

नोए सात वर्षांची आहे. फेब्रुवारीत आली. तिचा बाप रस्त्यावरचा रोलर चालवतो. आई होनोलुलूत वारली. इथं त्यांचं कुणीच नाही. तिच्या मुठीत सारखा एक कंगवा असतो, लाकडी, तीन दात तुटलेले. शाळेत ती अजून एक शब्द बोललेली नाही. मला ती बघवत नाही. म्हणजे आवडत नाही असं नाही. आरशात बघितल्यासारखं होतं.

मोके आज म्हणाला, "तिला वचनच नाही ना. ती होइकेला काय म्हणणार? कंगवा?"

पोरं हसली. मला त्याला झापायचं होतं. झापेपर्यंत सुट्टीची घंटा झाली.

पण मोके खरं तेच बोलला. आमच्यात वचन घरातून येतं. तूतूकडून नातवाला, जशी गोधडी येते तसं. जुन्या बोलीत. पोरांना ती बोली वचनापुरती आणि आजीच्या शिव्यांपुरतीच येते. होइकेला पाळक हजेरीच्या मोठ्या पुस्तकातून एकेक नाव पुकारतात, नाव आलं की उठायचं आणि आपलं वचन म्हणायचं. ज्यानं म्हटलं त्याचं नाव पुस्तकात राहतं. ज्याला वचन नाही त्याचं नाव लिहीत नाहीत. पुस्तकात नाव नसलेला माणूस गावात राहू शकतो, कुणी काही म्हणत नाही. पण तो पाहुणाच.

१० मे, रविवार

मदर्स डे. चर्चमध्ये सगळ्या आयांना हार. मी पहाटेपासून ओवत होते, साठ हार. नोएनं पण एक ओवला होता, जास्वंदीचा, वेडावाकडा. कुणाच्या गळ्यात घालावा ते तिला कळेना. शेवटी तिनं तो घंटेच्या दोरीला बांधला. पाळकांनी घंटा वाजवली तेव्हा पाकळ्या पडल्या आणि कुणीच त्या झाडल्या नाहीत. मी पण नाही.

११ मे, सोमवार

मला एक सुचलं.

मी बोलू शकत नाही पण ओवू शकते. मी टोपलीभर चाफा नेला, सुया आणि दोरे नेले. एक फूल म्हणजे एक शब्द. मी फूल ओवायचं आणि बोट दाखवायचं, पोरानं तो शब्द म्हणायचा. चुकला तर फूल मागे काढायचं. पुआच्या घरचं वचन हरवलेल्या मेंढराचं, सतरा फुलं. मोकेचं मोहरीच्या दाण्याचं, एकोणीस. वचन पाठ झालं की हार पुरा होतो आणि गळ्यात घालून घरी जाता येतं.

"आणि तीन शब्दांचं म्हटलं तर?" मोकेनं विचारलं.

मी तीन फुलांचा हार करून त्याच्या कानाला अडकवला. सगळी खोली हसली. मी पण.

तास कधी संपला कळलंच नाही. घरी येताना हाताला चाफ्याचा चीक होता आणि डोक्यात सगळी वचनं एकात एक गुंतून वाहत होती, मेंढरं मोहरीच्या झाडावर चढत होती.

१२ मे

शाळेच्या कपाटात जुनी वचनांची वही आहे. कुठल्या घरचं कुठलं वचन, ते जुन्या बारीक अक्षरात. बरीच पानं कसरीनं खाल्लीत. एका पानाचा वरचा भाग, जिथं घराचं नाव असतं, तो पूर्ण गेला होता. खाली वचन तेवढं शाबूत. समुद्राच्या पार टोकाचं वचन, तिथं जाऊन राहिलं तरी आपला हात कुणीतरी धरलेला असतो ते.

हे मी कधीच ऐकलेलं नाही. इतक्या होइके झाल्या, कुणाच्या तोंडून नाही. म्हणजे ते घरच आता नसणार. बिनमालकाचं वचन. पेरूच्या रानात सापडलेल्या कोंबडीसारखं.

तूतूला विचारायला हवं होतं का? तसं मनात आलं. पण ती झोपली होती, आणि ती उठेपर्यंत माझं विचारायचं धाडस झोपलं.

नोएला सुट्टीत खिडकीपाशी बसवलं. मी फुलं ओवली आणि प्रत्येक फुलाला ओठ नुसते हलवले, आवाज न करता. तिला एकटीलाच दिसेल असे.

ती बघत राहिली.

१३ मे, बुधवार

नोए बोलली!

नीट लिहिते. वारा पडला होता. पोरं बाहेर आंब्याखाली खेळत होती, तूतू पण तिथंच बाकावर बसून पंख्यानं वारा घेत होती. हल्ली ती रोज याच वेळेला तिथं येऊन बसते. म्हणते, तिथं सावली बरी आहे. आमच्या दारात फणसाची सावली तिच्यापेक्षा मोठी आहे, पण असो.

मी पहिलं फूल ओवलं. नोएनं कंगवा मांडीवर ठेवला. आणि म्हणाली. पहिला शब्द, दुसरा, तिसरा. आवाज कपाटात खूप दिवस ठेवलेली वस्तू बाहेर काढल्यासारखा. "हात" आला तेव्हा तिनं माझा अंगठा धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही, मला एका हातानं ओवावं लागलं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. तूतूचा पंखा थांबला होता. ती तशीच बसली होती, पंखा अर्ध्यात. मग उठली आणि घराकडे न जाता खाली किनाऱ्याच्या वाटेला लागली. तिचे गुडघे दुखतात, ती वाट ती कधी उतरत नाही. ऊन लागलं असेल.

१५ मे, शुक्रवार

आज अंकल पालाकिको शाळेची खिडकी दुरुस्त करायला आले. ते किनाऱ्यावर एकटेच राहतात, जाळी विणतात, बांगडे धरतात, कुणाशी फार बोलत नाहीत. सगळा वेळ ते खिडकीबाहेर हातोडा धरून उभे होते. हातोडा एकदापण वाजला नाही. आत नोए म्हणत होती.

ती खिडकी मोडलेली नाही. म्हातारपणी माणसं विसरतात.

१८ मे, सोमवार

अंकल पुन्हा आले. केळीच्या पानात बांगडे घेऊन, शाळेसाठी.

"कुणासाठी?" मोकेनं विचारलं.

"जो पोरगा कमी बोलतो त्याच्यासाठी."

"मग आमच्या आंटीसाठीच!"

"आंटी पोरगा आहे का रे, गाढवा?" अंकल म्हणाले. मग नोएकडे बघून, "तुझं नाव काय गं?"

"नोए."

"कुणाची?"

नोएनं विचार केला. "रोलरवाल्याची."

अंकल हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं, पुढचे दोन दात नाहीत. मग ते बराच वेळ समुद्राकडे बघत उभे राहिले, बांगड्यांवर माश्या बसायला लागल्या तरी.

दुपारी मला डुलकी लागली आणि स्वप्न पडलं. सगळे हार समुद्रावर तरंगत होते आणि प्रत्येक हार आपलं आपलं वचन म्हणत होता. एकच हार गप्प होता. मी पोहत त्याच्याकडे गेले तर तो माझ्याच गळ्यात होता.

१९ मे, मंगळवार



आज रंगीत तालीम. मोके पाळक झाला, खांद्यावर टॉवेल टाकून. मी हजेरीच्या पुस्तकातली नावं कागदावर उतरवून दिली होती. होइकेला चर्चमध्ये सगळ्यांचे हातपंखे हलत असतात तसं वाटावं म्हणून पुआनं सगळ्यांना वह्या हलवायला लावल्या. मोके नावं पुकारत गेला, पोरं उठत गेली.

मग त्यानं पुकारलं, "योकेपा."

आणि पोरं आपोआप गप्प झाली. खेळात पण.

योकेपा अंकल पालाकिकोंचा मुलगा. मी जन्मायच्या कितीतरी आधी, दहा वर्षांचा असताना, खडकावर ओपिही शिंपले खरवडायला गेला आणि लाटेनं नेला. सापडला नाही. म्हातारं माणूस गेलं की त्याचं वचन नातवाकडे जातं. मूल गेलं तर कुणाकडे जाणार? म्हणून त्याचं नाव तसंच आहे, दरवर्षी पुकारतात, आणि त्याला वचन म्हणायला जेवढा वेळ लागला असता तेवढा वेळ सगळं चर्च गप्प बसतं. लहानपणी मला ती शांतता फार लांब वाटायची म्हणून मी तूतूच्या पंख्याचे झोके मोजायचे. अकरा. दरवर्षी अकरा. त्यातले शब्द काय होते ते आम्हा पोरांना कधी कुणी सांगितलं नाही. आम्हाला फक्त त्याची लांबी माहीत.

बाहेर तूतूचा पंखा हलत होता. सवयीनं मी मोजले. अकरा झाले, मोकेनं पुढचं नाव घेतलं.

शेवटी नोए. तिचं नाव कागदावर नव्हतंच, मोकेनं आपणहून घेतलं. ती उठली आणि म्हणाली, समुद्राच्या पार टोकाचं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, हातापाशी तेवढी जराशी अडखळून. आणि मी, कशाला कोण जाणे, मोजत होते.

अकरा.

समुद्राचं पार टोक. धरलेला हात. आणि मी म्हटलं होतं, बिनमालकाचं.

मी एका मेलेल्या पोराचं वचन दुसऱ्या पोरीच्या गळ्यात घातलं. न विचारता.

२० मे, बुधवार

तूतूला विचारलं. ती अळू कुटत होती.

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या शब्दाला."

"मग सांगितलं का नाहीस?"

"ती पोर बोलायला लागली होती ना." तिनं दगडी मुसळ बाजूला ठेवलं. "तुला थांबवलं असतं तर तिघं गप्प झाले असते."

"तिघं कोण?"

"कूट," म्हणाली. "हात चालव."

मला वाटलं होतं ती जाऊन अंकलशी बोलेल. म्हणाली, "मी फक्त एवढंच सांगून आले की खिडकीपाशी जाऊन ऐक. मागायचं काम माझं नाही. ज्यानं घेतलं त्यानं मागायचं."

आणि नाही म्हणाले तर? तर नोएला सांगायचं, की हार उतरव. चार दिवस राहिलेत. दुसरं वचन शिकवता येईल, वहीत आहेत. पण ती दुसरं म्हणणार नाही, मला माहीत आहे. ती पुन्हा कंगवा मुठीत धरेल आणि मग किती वर्षं, ते मला विचारा.

२१ मे, गुरुवार

गेले.

बोलायला जमणार नाही म्हणून चिठ्ठी लिहून नेली. अंकल दारात जाळं विणत बसले होते. मी चिठ्ठी पुढे केली. त्यांनी ती लांब धरली, जवळ धरली.

"चष्मा नाही. बोल."

चष्मा त्यांच्या टोपीवर होता.

मी उभी राहिले. पुढे समुद्र, मागे समुद्र, त्या घराला तीन बाजूंनी समुद्रच आहे. त्यांनी जाळ्याच्या सहा गाठी मारल्या. मग सात. मला पंचेचाळीस मिनिटं आठवली. मला वाटलं, हे हसणार पण नाहीत आणि घंटापण होणार नाही, मी इथंच संध्याकाळपर्यंत उभी राहीन आणि भरती येईल.

"मी चोरलं," मी म्हटलं.

"काय?"

"योकेपाचं. वहीत नाव नव्हतं. कसरीनं खाल्लं. मला वाटलं कुणाचं नाही. विचारायला हवं होतं. विचारलं नाही कारण विचारायचं म्हणजे बोलावं लागतं." मग रडायला लागले. मूर्खासारखी.

"बस," ते म्हणाले. मी वाळूत बसले. त्यांनी जाळ्याचं एक टोक माझ्या हातात दिलं, धर म्हणून.

"अठ्ठावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "दरवर्षी ती शांतता आली की मी मनातल्या मनात त्याचं वचन म्हणतो. त्याच्या आवाजात. गेली काही वर्षं आवाज येईना. नुसते शब्द. कुणाचा आवाज होता तो, तेच हरवलं. मग गेल्या आठवड्यात तुझी आजी आली, गुडघे धरत, शिव्या देत. म्हणाली, जा, ऐक."

"तिचा आवाज त्याच्यासारखा आहे का?"

"छे! मुळीच नाही. तो तर बेडकासारखा बोलायचा." आणि ते हसले, डोळे पुसत. "पण अडखळते तिथंच जिथं तो अडखळायचा. हातापाशी."

मी विचारलं, "मग तिला म्हणू देऊ?"

"नाही," ते म्हणाले.

मी जाळं सोडलं.

"धर गं! पुरतं ऐक. उद्या ती पोर उठून बोलली की माझी शांतता संपली. संपू दे, माझं काही म्हणणं नाही. पण त्या चर्चमध्ये दरवर्षी दोन शांतता असतात. एक माझ्या पोराची, ती मला समजते, तो समुद्रात आहे. दुसरी कुणाची?"

मी मान खाली घातली. दुसरी माझी. आठ वर्षांची होते तेव्हा पाळकांनी माझं नाव पुकारलं आणि मी उठलेच नाही. त्या वर्षी सगळ्यांना वाटलं, पोर घाबरली, पुढच्या वर्षी म्हणेल. पुढच्या वर्षीपण नाही. मग लोक सवयीनं गप्प बसायला लागले. तूतूचा पंखा सात वेळा हलतो, मग पाळक पुढचं नाव घेतात. कुणी माझं नाव खोडत नाही, एका शब्दानं बोलतही नाही. सगळे फार चांगले आहेत.

"माझी बंद झाल्यावर तुझी एकटी ऐकायला मला जमायचं नाही," अंकल म्हणाले. "जिवंत पोरीसाठी गप्प बसायचं म्हणजे काय? मला दरवर्षी भीती वाटते. मी तुझ्याकडे वळून बघतो, आहेस ना म्हणून."

मी जाळ्याचं टोक पुन्हा घट्ट धरलं.

"तू म्हणशील तर ती म्हणेल. हा सौदा. आता जा, तुझ्यामुळे दोन गाठी चुकल्या."

२२ मे

हो म्हणून आले नाही. नाहीपण म्हटलं नाही. नोएनं आज स्वतः तिचा हार ओवला. तिनं कंगवा घरी ठेवला होता. म्हणाली, "ओवताना मध्ये येतो."

२३ मे, शनिवार

कुमू आल्या. डोळ्याला पट्टी नाही, चष्मा तोच जुना. नाकाचं साल निघालंय उन्हानं आणि बहिणीच्या अंगणातल्या पपया आणल्यात दोन पिशव्या. मी विचारलं, "ऑपरेशन?"

"झालं. फार चांगलं झालं," म्हणाल्या आणि तूतूकडे बघितलं. दोघी मोठ्यानं हसल्या. ऑपरेशनला हसण्यासारखं काय असतं?

मी त्यांना वचनाचं सगळं सांगितलं. त्या पपई कापत ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हाउनानी, तू आता सलग पाच मिनिटं बोललीस. मी घड्याळ बघत होते."

संध्याकाळी मी चाफ्याखाली जाऊन माझं वचन म्हणून बघितलं. पाखरांचं आहे, ती पेरत नाहीत, कापत नाहीत, त्यांचं कोण बघतं. तूतूच्या आईचं होतं. पहिल्या शब्दापाशी अडकलं. पुन्हा. पुन्हा अडकलं. चाफ्याची फुलं आपोआप पडत होती, टप, टप, कुणी न ओवता.

२४ मे, रविवार. होइके

पांढरे कपडे, सगळं गाव, सगळे पंखे. दारं उघडी, समुद्र आतपर्यंत ऐकू येत होता. पोरांच्या गळ्यात आपापले हार. मोके एकोणीस फुलं न चुकता म्हणाला आणि बसताना माझ्याकडे बघून कानाला हात लावला, त्या तीन फुलांच्या आठवणीनं. मला सगळं लांबून दिसत होतं, पाण्याखालून दिसतं तसं.

"योकेपा," पाळक म्हणाले आणि नेहमीसारखी मान खाली घातली.

पंखे थांबले. तूतूच्या पंख्याचा तेवढा एक झोका गेला. दोन.

अंकलनी तिच्याकडे बघून मान हलवली आणि नोए उठली.

पाळकांनी मान वर केली. कुणीतरी 'अगं' म्हणालं. ती म्हणायला लागली. मी अंकलकडे बघत होते. ते डोळे मिटून बसले होते आणि त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलत होते, एक शब्द पुढे, जसं कुणी अंधारात पोराच्या पुढे चालतं. हातापाशी ती अडखळली. अंकलनी आपला हात उचलून नुसता हवेत धरला. तिनं तो बघितला आणि पुढे म्हणाली.

अकरा.

मग अंकल उठून पुढे गेले आणि पाळकांच्या हातातलं पेन घेतलं. योकेपाच्या नावाखाली त्यांनी स्वतः लिहिलं, नोए. अक्षरं लिहायला त्यांना खूप वेळ लागला. तिचा बाप मागच्या बाकावर रोलरसारखा हुंदके देत होता.

जागेवर जाताना अंकल माझ्यापाशी थांबले नाहीत, बघितलं पण नाही. बसले आणि वाट बघू लागले.

चार नावं झाली. पाच.

"हाउनानी."

पंखे थांबले, सवयीनं. तूतूचा तेवढा हलला. एक. मी उठले. कसं ते माहीत नाही, पाय आपोआप उठले. बाक वाजला. सगळं चर्च वळलं. दोन. तोंड उघडलं, आणि काही नाही. तीन. हात मात्र हलायला लागले, फूल उचलावं, सुई घालावी, ओढावं. तसेच. हवेतच.

आणि माझी चौदा पोरं. त्यांनी हात बघितले आणि त्यांना वाटलं तास चालू झाला. मोकेनं पहिला शब्द म्हटला. माझं वचन त्यांना कुठून येतं? तेव्हा कळलं, तूतू रोज आंब्याखाली सावलीला बसायची ती कशाला. पुआनं दुसरा म्हटला. सगळी म्हणायला लागली, फुलामागून फूल. मला इतकं हलकं वाटलं. झालं, सुटले, पोरांनी म्हटलं, आता बसता येईल.

"ए, गप बसा रे!" नोए बाकावर उभी राहून ओरडली. "तिची पाळी आहे!"

पोरं गप्प.

समुद्र ऐकू येत होता. कुणाचाच पंखा हलत नव्हता, तूतूचापण नाही, मोजायला काहीच नव्हतं.

मी म्हटलं. पहिल्यापासून. पाखरांपाशी दोनदा श्वास घ्यावा लागला. एक शब्द मागे जाऊन पुन्हा म्हटला, फूल काढून पुन्हा ओवतात तसा. मग संपलं, आणि मी उभीच राहिले, कारण बसायचं असतं ते विसरले होते. पाळकांनीच हातानं बस म्हटलं.

मी बसले. मोके पुढच्या बाकावरून मागे वळला आणि कुजबुजला, "आंटी, तुझा आवाज असा आहे होय?"

"कसा?"

"जाडा."

मला इतकी वर्षं वाटत होतं, बारीक असेल.